धुक्याला नियम आहेत, बिघाडाला का नाहीत?

दिल्लीतल्या सरोजिनी नगरला लागूनच सफदरजंगचा जुना विमानतळ आहे. १९२९ साली विलिंग्डन एअरफील्ड या नावाने सुरू झालेल्या या मैदानावरून आज नियमित प्रवासी विमाने उडत नाहीत. पण देशभरातली विमाने कशी उडायची, हे आजही इथेच ठरते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे मुख्यालय इथल्या राजीव गांधी भवनात आहे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याच परिसरात आहे. इथून काही मैलांवर, पालमच्या इंदिरा गांधी विमानतळावर, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी एक संदेशयंत्रणा अडखळली आणि दुसऱ्या दिवशी आठशेहून अधिक उड्डाणे रखडली. अपघात झाला नाही, कोणाला खरचटलेही नाही, त्यामुळे चार दिवसांत ही बातमी मागे पडली. ती इतक्या लवकर मागे पडायला नको होती. त्या दिवशी बंद पडले ते एक यंत्र होते, पण उघडे पडले ते नियोजन. बिघाड झाला की विमानतळाने किती विमाने घ्यायची, कोणती थांबवायची आणि हे कोणी, केव्हा सांगायचे याची सर्वांना आधीपासून ठाऊक असलेली रीत आपल्याकडे नाही. धुक्यासाठी ती आहे. यंत्राच्या बिघाडासाठीही ती हवी.

आधी नेमके काय बिघडले ते पाहू, कारण इथे बराच गोंधळ होतो. रडार बंद पडले नव्हते, वैमानिक आणि नियंत्रक यांचे रेडिओवरचे बोलणेही तुटले नव्हते. बंद पडली होती ती ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टिम, म्हणजे एएमएसएस. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमान कंपनी एक फ्लाइट प्लॅन दाखल करते. त्यात विमानाचे सांकेतिक नाव, प्रकार, मार्ग, उंची, वेळ असा सगळा तपशील असतो. हे संदेश योग्य जागी पोचवण्याचे, टपाल खात्यासारखे काम एएमएसएस करते. संदेश पोचला की नियंत्रकासमोरच्या संगणकात त्या विमानाची नोंद आपोआप तयार होते आणि रडारच्या पडद्यावरच्या ठिपक्याला नाव मिळते. टपालच थांबले, तर ही नोंद माणसाने बसून टंकायची. इंदिरा गांधी विमानतळावर दिवसाला दीड हजारांच्या आसपास विमाने चढतात-उतरतात. त्यांच्या नोंदी हाताने करायच्या म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी. प्राधिकरणाने जादा माणसे बसवली, यंत्रणा तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे, म्हणजे ईसीआयएलचे, तंत्रज्ञ आले आणि ७ तारखेच्या रात्रीपर्यंत यंत्रणा पूर्ववत झाली. नियंत्रकांनी हे काम चोख केले, यात शंका नाही. सुरक्षिततेला धक्का लागला नाही, याचे श्रेय त्यांचेच.

पण सुरक्षित राहण्यासाठी द्यावी लागलेली किंमत म्हणजे वेग, आणि तो किती कमी करायचा हे त्या दिवशी बिघाडच ठरवत गेला. विमाने दरवाजे लावून उभी राहिली, पुशबॅकची परवानगी येईना, कंपन्या प्रवाशांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हप्त्यांनी नवी वेळ सांगत राहिल्या. दिल्लीत अडकलेले विमान संध्याकाळी पुण्याहून किंवा नागपूरहून निघणार असते, त्यामुळे रांगेचे शेपूट देशभर पसरले. हे टाळता आले असते का? बिघाड कदाचित टाळता आला नसता. रांग मात्र बरीच आखडती घेता आली असती. क्षमता निम्मी झाली आहे हे एकदा स्पष्ट झाले, की त्या प्रमाणात उड्डाणे सकाळीच रद्द करणे किंवा पुढे ढकलणे आणि प्रवाशाला घरातून निघण्याआधी कळवणे, हे यंत्राचे काम नव्हे. ते निर्णयाचे काम आहे. निर्णय घ्यायला आधी ठरवलेला आकडा लागतो. तो नसेल तर प्रत्येक कंपनी आपले विमान रांगेत उभे ठेवते, कारण रांग सोडणाऱ्याचे नुकसान होते आणि थांबणाऱ्याला आशा असते.

धुक्याच्या बाबतीत दिल्लीने हा धडा गिरवला आहे, तोही ठेचा खाऊनच. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा डीजीसीएच्या लेखी धुक्याचा हंगाम. या काळात धुक्याच्या वेळी दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांवर कॅट-३, म्हणजे अगदी कमी दृश्यमानतेत विमान उतरवण्याचे, प्रशिक्षण झालेले वैमानिक नेमावे लागतात. दृश्यमानता किती मीटरवर आली की काय करायचे, कोणत्या धावपट्टीवर कोणती उपकरणे चालू हवीत, दोन विमानांत किती अंतर ठेवायचे, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. तरीही १४ जानेवारी २०२४ रोजी गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवावे लागले आणि ताटकळलेले प्रवासी मुंबई विमानतळाच्या फरशीवर, विमानाच्या शेजारी बसून जेवले. ती चित्रफीत देशाने पाहिली. इंडिगोला १ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला, मुंबई विमानतळालाही दंड झाला. महत्त्वाचे घडले ते दुसऱ्याच दिवशी. डीजीसीएने कार्यपद्धती जाहीर केली आणि तीन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असे दिसत असेल तर कंपनीने उड्डाण पुरेसे आधी रद्द करावे, अशी मुभा दिली. धुके त्यामुळे हटले नाही आणि दरवर्षी हाल होतातच. पण ‘क्षमता कमी झाली आहे, आता त्यानुसार वागायचे’ हे तत्त्व एकदा कागदावर आले. निसर्गाच्या बाबतीत आपण हे मान्य केले. यंत्राच्या बाबतीत मात्र अजून आपली समजूत अशी, की ते चालू असते किंवा बंद असते, आणि बंद पडले तर लवकरात लवकर चालू करणे एवढेच आपल्या हाती.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांकडून येईल, आणि तो वजनदार आहे. त्यांचे म्हणणे असे, की मुळात बिघाड होऊच नये अशी व्यवस्था करा: दुसरा सर्व्हर, तिसरा सर्व्हर, वेगळ्या इमारतीतला सर्व्हर. घटनेनंतर नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनीही बिघाडाचे मूळ शोधण्याचे आणि जादा पर्यायी सर्व्हर बसवण्याचे निर्देश दिले. ते योग्यच होते. पण पर्यायी सर्व्हर हे पूर्ण उत्तर नाही, याचा लखलखीत पुरावा ब्रिटनने दिला आहे. २८ ऑगस्ट २०२३ रोजी, सुट्टीच्या सोमवारी, तिथल्या नॅट्स या हवाई नियंत्रण संस्थेच्या यंत्रणेकडे एक फ्लाइट प्लॅन आला. त्यात दोन ठिकाणांची सांकेतिक नावे एकच होती, एक फ्रान्समधले आणि दुसरे अमेरिकेतले, मध्ये सुमारे चार हजार सागरी मैलांचे अंतर. संगणकाला मेळ लागेना. चुकीची माहिती नियंत्रकाकडे जाऊ नये म्हणून मुख्य यंत्रणा स्वतःहून थांबली. मग पर्यायी यंत्रणेने तोच प्लॅन हातात घेतला, आणि तिच्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने थांबली. सगळा खेळ वीस सेकंदांचा. त्यानंतर नोंदी हाताने करायच्या म्हटल्यावर तासाला सुमारे ६० पर्यंतच मजल जाऊ लागली, जिथे यंत्रणा तासाला ८०० पर्यंत नोंदी हाताळू शकत होती. सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. जुळे भाऊ एकाच रोगाला एकाच वेळी बळी पडतात, तसे हे झाले. अमेरिकेत त्याच वर्षी ११ जानेवारीला वैमानिकांना सूचना देणारी नोटॅम यंत्रणा कोसळली आणि देशभरची उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. मुख्य आणि पर्यायी माहितीसाठ्यांचा मेळ घालत असताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून चुकून फायली पुसल्या गेल्या होत्या. म्हणजे पर्यायी व्यवस्थेची देखभाल करतानाच बिघाड घडला. तेव्हा सर्व्हर जरूर वाढवावेत, शक्यतो वेगळ्या बनावटीचे आणि वेगळ्या जागी बसवावेत. पण सगळे सर्व्हर एकाच वेळी गप्प झाले तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करायचे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: हाताने काम करण्याची तयारी म्हणजे पुन्हा कागद-पेन्सिलीच्या जमान्यात जाणे नव्हे का? तसे मुळीच नाही, आणि ज्यांना त्या जमान्याबद्दल हळवेपणा वाटतो त्यांनी चरखी दादरी आठवावे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून उडालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्युशिन-७६ हरियाणाच्या आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. दिल्लीच्या नियंत्रकापुढे तेव्हा फक्त प्राथमिक रडार होते, ठिपका दाखवणारे पण उंची न दाखवणारे. येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून सोडली जात होती. उंची सांगणारे दुय्यम रडार, विमानांना परस्परांची चाहूल देणारे यंत्र, येण्या-जाण्याचे वेगळे मार्ग, ही सगळी शहाणीव आपल्याकडे त्या रात्रीनंतर आली. यंत्र जीव वाचवते, यात वादच नाही. रडार चालू असताना मार्गावर दोन विमानांत पाच सागरी मैल, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर अंतर पुरते. रडार नसेल, तर वैमानिकाने रेडिओवर कळवलेल्या वेळेवर विसंबून एकाच उंचीवर, एकाच मार्गाने जाणाऱ्या दोन विमानांत दहा मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. जेट विमान दहा मिनिटांत सव्वाशे किलोमीटरहून जास्त जाते. त्याच आकाशात किती कमी विमाने मावतील, हे इथेच कळते. तेव्हा मुद्दा यंत्र हवे की माणूस हवा असा नाही. यंत्राने आकाशाची जी क्षमता वाढवली, ती यंत्र गेल्यावर माणसाच्या हातात उरत नाही. हे मान्य करून उरलेल्या क्षमतेत व्यवस्थित काम करण्याची तयारी ठेवावी लागेल.

या क्षेत्राला असा विचार नवा नाही. विमानाचा रेडिओ बंद पडला तर वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा आकडा लावतो. तो आकडा पाहिल्याबरोबर जगातल्या कोणत्याही नियंत्रकाला कळते, की हे विमान आता ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेळी उतरायला येईल. त्याच्यासाठी आकाश मोकळे करायचे. टॉवरवर हिरव्या-तांबड्या झोताचा दिवा अजूनही ठेवलेला असतो, कारण बोलणे तुटले तरी ‘उतर’ किंवा ‘उतरू नकोस’ हे दिव्याने सांगता येते. एकमेकांशी न बोलताही दोघांना काय करायचे ते ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अकराव्या परिशिष्टातही सेवा विस्कळीत झाल्यास आकस्मिक योजना तयार ठेवण्याची अपेक्षा प्रत्येक देशाकडून केलेली आहे. असे दस्तऐवज नियंत्रण कक्षाच्या कपाटात असतातही. माझे म्हणणे एवढेच, की ते कंपन्यांना, विमानतळ चालकांना आणि प्रवाशांना दिसेल अशा रूपात, आकड्यांसह बाहेर यावेत. संदेशयंत्रणा गेली तर दिल्लीत तासाला अमुक विमाने. रडार गेले तर तमुक. बिघाड दोन तासांपेक्षा लांबला तर प्रत्येक कंपनीने आपल्या वेळापत्रकाच्या इतक्या टक्के फेऱ्या स्वतः निवडून रद्द करायच्या. लांब पल्ल्याच्या, इंधन संपत आलेल्या आणि रुग्णवाहक विमानांना आधी वाट. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाची विमाने हाताळणाऱ्या केंद्राचे रडार आणि रेडिओ २८ एप्रिल २०२५ रोजी सुमारे दीड मिनिट गेले. पुढे तिथल्या नियामकाने धावपट्टीचे काम चालू असेपर्यंत तासाला २८ उतरणारी आणि २८ उडणारी अशी मर्यादाच घालून दिली. आकडा जाहीर झाला की कंपन्या वेळापत्रक त्याप्रमाणे कापतात. आकडा नसेल तर विमाने धावपट्टीच्या तोंडाशी थांबतात.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो माणसांपाशी येऊन थांबतो. हाताने काम करायला माणसे लागतात, आणि ती आजच कमी आहेत. संजय झा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई सुरक्षेबद्दल अहवाल दिला. त्यात नियंत्रकांची तूट, त्यांचा थकवा, कामाच्या तासांच्या मर्यादेतून दिल्या जाणाऱ्या सवलती आणि प्रशिक्षणाची अपुरी सोय यांची चिंता व्यक्त केली होती. त्याआधी जुलैमध्ये नियंत्रकांच्या संघटनेने खासदारांना पत्र लिहून दिल्ली आणि मुंबईच्या स्वयंचलित यंत्रणा मंदावत असल्याचे, त्यांत माहिती रेंगाळत असल्याचे सांगितले होते. तो इशारा नोव्हेंबरमध्ये बिघडलेल्या एएमएसएसबद्दलच होता असे नाही. दोन्ही गोष्टींची सरमिसळ करू नये. पण रोज यंत्र वापरणाऱ्या माणसाने ‘हे नीट चालत नाही’ असे म्हटल्यावर ती तक्रार कोणाच्या टेबलावर, किती दिवसांत, काय उत्तरासह निकाली निघते, याची पद्धत दोन्हींसाठी सारखीच लागते. नियंत्रकांचे प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियात होते. गोंदियाची ही संस्था महाराष्ट्रात असूनही आपल्याकडे तिची चर्चा जवळजवळ होत नाही. तिथल्या जागा वाढवणे, प्रशिक्षक टिकवणे आणि अभ्यासक्रमात अपंग झालेल्या यंत्रणेवर तासन्‌तास काम करण्याचा सराव घालणे, हा खर्च एका नव्या टर्मिनलच्या खर्चापुढे नगण्य आहे. टर्मिनलच्या संगमरवराचे फोटो निघतात, सरावाचे निघत नाहीत. एवढ्यावरून प्राधान्य ठरू नये.

खर्चाचीच दुसरी बाजू अशी, की बिघाडाचे बिल आज नेमके कोणी भरायचे हे कोणालाच सांगता येत नाही. हवाई नियंत्रणामुळे झालेला उशीर नियमांत कंपनीच्या आवाक्याबाहेरचा मानला जातो, त्यामुळे त्याची भरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नसते. कंपनीच्या दृष्टीने हे रास्तच आहे. पण मग मार्गदर्शन सेवेचे शुल्क घेणारे प्राधिकरण? ते शुल्क कंपनी भरते आणि अखेर तिकिटातून आपल्याच खिशातून जाते. सेवा निम्म्यावर आली तर त्या शुल्काचे काय, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. प्राधिकरणाला दंड करा असे मी म्हणत नाही. सार्वजनिक संस्थेला दंड करणे म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात टाकणे, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी बिघाड लपवण्याचा मोह. पण प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर तो केव्हा लक्षात आला, केव्हा कोणाला कळवला, किती उड्डाणे कापली, किती रांगेत ठेवली, याचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांपुढे यावा. ब्रिटनमध्ये २०२३ च्या त्या बिघाडावर जेफ हॅलिवेल यांच्या समितीने तसा अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तंत्राइतकीच चर्चा माणसांची आहे: वरच्या श्रेणीचा तंत्रज्ञ घरी होता, दूरून काम जमेना, तो कामावर पोचायला दीड तास लागला, यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीची मदत चार तासांहून उशिरा मागितली गेली. हे वाचताना त्या संस्थेची नाचक्की झाल्यासारखे वाटत नाही. उलट पुढच्या वेळी ही माणसे तयार असतील, असा भरवसा वाटतो.

इथे सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल: यंत्रणेच्या दुबळ्या जागा जाहीर केल्या तर शत्रूचे फावेल. ही भीती काल्पनिक नाही. दिल्लीच्या आकाशात उपग्रहाचे खोटे संकेत पाठवून विमानांना चकवण्याचे प्रकार घडल्याचे सरकारनेच डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले, आणि मुंबईसह इतर मोठ्या विमानतळांवरही असे प्रकार नोंदले गेल्याचे मान्य केले. पण त्याच उत्तरात सरकारने काय सांगितले, ते लक्षात घ्यावे. उपग्रहावर भिस्त वाढली तरी जमिनीवरच्या पारंपरिक दिशादर्शक उपकरणांचे किमान जाळे कायम ठेवले जाईल. म्हणजे चकवा बसला तर विमान जुन्या, जाड, भरवशाच्या साधनावर येऊ शकेल. हे धोरण जाहीर केल्याने शत्रूला काही सापडले नाही, उलट त्याच्या हल्ल्याची धार कमी झाली. सर्व्हरचा पत्ता आणि संकेतशब्द गुप्तच राहिले पाहिजेत. बिघाडाच्या दिवशी तासाला किती विमाने घेऊ, हा आकडा गुप्त ठेवण्यात मात्र काहीच हशील नाही.

मराठी वाचकाने याकडे दिल्लीचा प्रश्न म्हणून पाहू नये. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते, आणि त्या एकीवरून जगातल्या सर्वांत गजबजलेल्या वाहतुकींपैकी एक चालते. तिथे ढिलाईला जागाच नाही. दहा मिनिटांचा थांबा संध्याकाळपर्यंत तासाचा होतो. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. दोन विमानतळांची विमाने आता एकाच दाट आकाशातून वर-खाली होतात. एकाची संदेशयंत्रणा गेली तर दुसऱ्याने किती विमाने अंगावर घ्यायची, पुणे आणि अहमदाबादला किती वळवायची, हे ठरवायची वेळ बिघाडाच्या सकाळची नाही. पावसाळ्यात मुंबईची क्षमता तशीही घटते. तिथेही धुक्यासारखाच हंगामी आकडा ठेवता येईल. त्या आकड्याच्या शेजारी बिघाडाचा आकडा लिहायला फक्त एक रकाना लागेल.

सुरुवात लहान करता येईल. दरवर्षी १० डिसेंबरच्या आत, ज्या तासात विमाने सर्वांत कमी असतात अशा तासात, दिल्ली आणि मुंबईच्या नियंत्रण कक्षांनी संदेशयंत्रणा बंद आहे असे समजून काम करून पाहावे. कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांनाही त्यात घ्यावे, म्हणजे फोन कोणाचा कोणाला जायचा ते ठरेल. तासाला किती नोंदी हाताने झाल्या, किती चुकल्या, कुठे माणूस कमी पडला, हे मोजावे. जो आकडा येईल, तो सफदरजंगच्या कार्यालयाने त्या हिवाळ्यापुरता जाहीर करावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजावा.